खोली रिकामी आहे

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर ओळीने शून्यं उमटली आणि मी चक्क हसले.

आमचं सफरचंदांचं शीतगृह आहे. अलीकडे ऑफिस, मध्ये ट्रक वळवायचं लांबरुंद अंगण आणि पलीकडे बिनखिडक्यांच्या अकरा खोल्या. कोण किती वेळ थंडीत होतं याचा तक्ता दर महिन्याला डॉक्टरांकडे जातो, कारण दिवसात ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त कोणी आत राहू नये असा नियम आहे. तो तक्ता माझा प्रोग्राम काढतो. त्या दिवशीच्या तक्त्यानुसार सोमवारपासून आमच्या शीतगृहात एकही माणूस, एकही मिनिट, कुठल्याच खोलीत गेला नव्हता. सफरचंदं बहुधा आपापली चालत जाऊन क्रेटमध्ये बसली होती.

तक्ता बिघडलाय, चहा पिऊन बघू, असं म्हणून मी खुर्ची मागेही सरकवली होती. मग लक्षात आलं की हा तक्ता माणसं मोजायला प्रोग्रामातली जी ओळ वापरतो, तीच ओळ दारंही वापरतात. चहा राहिला.

दारांचं काम काय ते आधी सांगायला हवं. खोली फळांनी भरली की तिचं दार लावतात, कडेने बारा खिट्ट्या आवळतात आणि आत नायट्रोजन सोडतात. हवेतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून दोनवर आणला की सफरचंदं झोपी जातात आणि आठ महिने तशीच राहतात. माणूसही झोपी जातो. तो गुदमरत नाही, खोकत नाही, त्याला साधा ठसकासुद्धा लागत नाही. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. आधी डोकं हलकं होतं, मग पाय जड होतात, मग जरा टेकावंसं वाटतं, आणि टेकलेला माणूस पुन्हा उठत नाही. कामाच्या पहिल्या दिवशी हे सगळ्यांना सांगतात. मलाही सांगितलं होतं, आणि त्या रात्री मी दिवा लावून झोपले होते.

म्हणून हा प्रोग्राम. सगळे त्याला 'दारवान' म्हणतात. प्रत्येक दारावर कार्ड वाचणारं यंत्र आहे. आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर येताना टेकवायचं. खोली बंद करायच्या आधी मुकादम बटण दाबतो. आत कोणी असेल तर दारवान लाल अक्षरांत नाव दाखवतो. नसेल तर हिरव्या अक्षरांत 'खोली रिकामी आहे' असं लिहून येतं, आणि तेव्हाच नायट्रोजनची झडप मोकळी होते. एरवी ती हलतच नाही.

दारवान लिहिणारे गृहस्थ कधीच निवृत्त झाले. ज्या भाषेत तो लिहिला होता तिची जुनी आवृत्ती नवीन कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून तो नव्या आवृत्तीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला तीन आठवडे मिळाले होते.

नव्या आवृत्तीत सगळ्यात जास्त बदललंय ते अक्षरांचं वागणं. जुनी आवृत्ती ढिली होती. तारेतून आलेले कच्चे बाइट आणि माणसाने टाइप केलेला मजकूर यांत ती फरकच करायची नाही. तारेतून सात आला काय आणि हाताने सात लिहिला काय, तिच्या लेखी सात तो सात. नवी आवृत्ती काटेकोर आहे. तिच्या लेखी कच्चे बाइट ही एक वस्तू आणि मजकूर ही वेगळीच वस्तू. दोन्ही जोडायला गेलं की ती किंचाळून थांबते. लाल अक्षरं, चुकीच्या ओळीचा नंबर, सगळा तमाशा. अशा दोनशे चौदा किंकाळ्या मी एकेक करून मिटवल्या. शेवटची मिटली त्या दिवशी घरी जाऊन मी इतका भाव खाल्ला की नवऱ्याने कानाला खडा लावला, पुन्हा 'आज ऑफिसात काय झालं' विचारणार नाही म्हणून.

पण दोन्ही न जोडता त्यांची नुसती तुलना केली, तर मात्र नवी आवृत्ती किंचाळत नाही. 'हे दोन्ही सारखे का?' असं विचारलं की ती शांतपणे 'नाही' म्हणते आणि पुढच्या ओळीवर जाते. हे मला माहीत होतं. वाचताना खाली रेघसुद्धा मारली होती. आणि मग तीन आठवडे मी फक्त आरडाओरडा कुठून येतोय तेवढंच ऐकत बसले. आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, काम झालं.

चाचण्या घेतल्या होत्या, नाही कशाला म्हणू? चांगल्या चाळीस घेतल्या. पण ते कार्डाचं यंत्र खोलीच्या दारावर स्क्रूने बसवलेलं, तिथे हाडं गोठवणारी थंडी आणि कॉम्प्रेसरची घरघर. मी आपली टेबलापाशी शाल गुंडाळून बसले आणि कार्डांचे आणि खोल्यांचे आकडे कीबोर्डने भरत गेले. कीबोर्डवरून येतो तो मजकूर. मजकुराची मजकुराशी गाठ पडली, चाळीसच्या चाळीस पास.

सोमवारी खऱ्या दारावर चाचणी झाली तेव्हा आधी सगळ्यांना बाहेर काढलं, कारण बंद होणाऱ्या खोलीत गंमत म्हणूनसुद्धा उभं राहायचं नाही हा तिथला पहिला नियम. रिकामी खोली, आणि दारवान म्हणाला, खोली रिकामी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम तर फारच खूश झाला. फळं निवडणाऱ्या बायकांची एक खोड आहे. हातात जाड मोजे, कार्ड दोन जाकिटांच्या आत, मग एकीने कार्ड टेकवायचं, दार धरायचं आणि तिच्यामागून तिघींनी निघायचं. त्यामुळे जुना दारवान कायम दोन-चार नावं लाल दाखवायचा आणि मुकादम त्या बायकांना शोधत अंगणभर फिरायचा. नव्याने पहिल्याच फटक्यात हिरवं दाखवलं. "मॅडम, आता कटकट गेली," तो म्हणाला. त्या माणसाला सगळे मागून 'कुलूप' म्हणतात, कारण तोंड म्हणून उघडत नाही. त्याने केलेलं कौतुक मी चार दिवस जपून ठेवलं होतं.

आता मी दारवानाची यादी पडद्यावर काढली. प्रत्येक खोलीच्या आकड्याआधी एक चिमुकलं इंग्रजी बी हे अक्षर चिकटलेलं होतं. नवी आवृत्ती कच्च्या बाइटांना ही खूण लावते. मी दोन ओळी लिहून विचारलं, यंत्राकडून आलेला सात आणि आपला सात सारखे का? उत्तर आलं, नाही. खोलीत दहा माणसं असू देत नाहीतर शंभर, दारवान त्यांना या खोलीतले मानणारच नव्हता. तो कुठल्याही खोलीला, कधीही, रिकामीच म्हणणार होता.

खरं सांगते, पहिला विचार हा आला की कोणाला कळायच्या आत एक ओळ बदलून टाकावी. बदल एवढासाच होता. सोमवारपासून एकही खोली बंद झालेली नव्हती, म्हणजे कोणाचं काही बिघडलेलं नव्हतं. मी ती ओळ अर्धी लिहिलीसुद्धा. मग नजर भिंतीवरच्या कामाच्या कागदावर गेली. आजची तारीख, खोली सात, बंद करणे, साडेअकरा.

मी सातच्या दाराची कच्ची नोंद काढली. सकाळपासून सव्वीस वेळा कार्ड टेकवलेलं होतं. आत, बाहेर, आत, बाहेर. शेवटची ओळ दहा अठ्ठेचाळीसची होती. आत. तिच्या जोडीची बाहेरची ओळ नव्हती. कार्डाचा नंबर मला पाठ होता, कारण ते कार्ड रोज संध्याकाळी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी पडलेलं असतं.

वन्संचं कार्ड.

माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. एकोणीस वर्षं या शीतगृहात आहेत. नमुने घेतात. खोली बंद होण्याआधी वरच्या क्रेटमधली दहा सफरचंदं काढायची, त्यांत जाड सुई खुपसून फळ किती कडक आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. खोलीतून शेवटी निघणारं माणूस म्हणजे त्या. या नोकरीचा अर्ज मला त्यांनीच आणून दिला होता, आणि मला सही येते की नाही म्हणून समोर बसून सही करवून घेतली होती. मला त्या 'यंत्रवाली' म्हणतात. "ए यंत्रवाली, मीठ दे."

मी स्वतःला समजावत होते. निघाल्या असतील दुसरीच्या कार्डावर, नेहमीसारख्या. घड्याळात अकरा अठरा झाले होते. साडेअकराला बारा मिनिटं होती. मी सातच्या दाराजवळच्या फोनवर फोन लावला. तो वाजत राहिला. कॉम्प्रेसर चालू असला की तिथे फोन ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी मी तीनदा लावला. वन्संच्या मोबाइलवर लावला, तर त्या पोलादी भिंतींच्या आत तो लागतच नाही. निवडीच्या शेडमध्ये लावला. एका बाईने उचलला. मी विचारलं, "वन्सं आहेत का तिथे?" ती म्हणाली, "नाही गं, सकाळपासून नाही बघितलं." फोन तसाच टेबलावर टाकून मी पळाले.

अंगण एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं. एक ट्रक मागे येत होता, ड्रायव्हर ओरडला, मी त्याच्या समोरून गेले. एक चप्पल तिथेच राहिली. पळताना मी मनात एकच हिशेब करत होते, अजून दहा मिनिटं आहेत, अजून नऊ आहेत. कॉम्प्रेसरच्या घराला वळसा घातला आणि सात नंबरचं दार दिसलं.

दार बंद होतं. बाराच्या बारा खिट्ट्या आवळलेल्या होत्या. मुकादम स्टुलावर बसून दाराच्या कडेच्या फटी बुजवायची चरबी डब्यात परत भरत होता. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खोली रिकामी आहे'. त्याखालच्या मापकावर प्राणवायू दिसत होता. नऊ पूर्णांक चार.

"साडेअकराला होतं ना?" माझा आवाज फाटला.

"झालं होतं सगळं. म्हटलं, कशाला थांबा." त्याने माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं. "काय झालं मॅडम?"

"कधी सोडला?"

"अकराच्या ठोक्याला."

मी झडपेचा लाल दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला. सूं असा जो आवाज येत होता तो थांबला. मुकादम ताडकन उठला.

"हात नका लावू त्याला! माझ्यावर आहे ती जबाबदारी."

"आत माणूस आहे."

"कोण माणूस? हे काय लिहिलंय?" त्याने पडद्यावर बोट आपटलं. "तुम्हीच लिहिलंय ना हे?"

"वन्सं कुठे आहेत?"

"ताई? चहाला गेल्या असतील. नमुन्याचा क्रेट बाहेर आलाय कधीच." खरोखरच दारापाशी एक क्रेट होता, त्यात सुईची भोकं पडलेली सफरचंदं होती. मी मोजली. सहा होती.

"दहा लागतात," मी म्हणाले.

त्याने क्रेटकडे एकदा बघितलं. "मॅडम, आत घंटीचं बटण आहे. दाराला लागूनच. अंधारातसुद्धा चमकतं. आत कोणी असतं तर घंटी वाजवून वाजवून कान किटवले असते. अर्धा तास मी इथे बसलोय. एकदा वाजली नाही."

तो खरं बोलत होता. घंटी खालच्या बाजूला होती, मोठी होती, ती महिन्यातून एकदा तपासतात. वन्सं काही घाबरून गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. आमच्या घरी गिझरला वेळ लागला तरी त्या बाथरूमचं दार बडवतात. एक क्षण मला वाटलं, सुटलो. आत कोणी नाही. मी वेड्यासारखी अनवाणी धावत आले, उद्या सगळे हसतील, हसू देत. आणि लगेच दुसरं मनात आलं. घंटी वाजली नाही, कारण वाजवायला त्या उठू शकत नाहीत.

मापकावर नऊ पूर्णांक एक झाले होते. झडप बंद होती तरी नळीतला उरलेला वायू आत जात होता.

"मुकादम, माझ्या प्रोग्रामात चूक आहे," मी म्हणाले. "तो कधीच कोणाला दाखवणार नाही. कोणी असलं तरी."

"सोमवारी तर—"

"सोमवारी कोणी नव्हतंच आत! तुमचं कार्ड द्या."

त्याने दिलं नाही, मीच त्याच्या गळ्यातलं ओढलं, दोरीसकट तो खाली वाकला. कार्ड मी सातच्या यंत्रावर टेकवलं. यंत्र टुक वाजलं. आता दारवानाच्या हिशेबी मुकादम खोली सातच्या आत होता. मी बटण दाबलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो.

हिरवी अक्षरं आली. खोली रिकामी आहे.

मुकादमाचं तोंड उघडं राहिलं. त्याने स्वतः पुन्हा बटण दाबलं, मग पुन्हा. मग त्याने पाना उचलला.

बारा खिट्ट्या. एकेक उलटी फिरवायची. वरच्या चार काढायला स्टुलावर चढावं लागतं. मी हाताने फिरवायला गेले, तर बोटं चरबीवरून घसरत होती. मनात अखंड बडबड चालली होती. नवऱ्याला काय सांगू? 'तुझी बहीण' एवढं म्हणून पुढे काय म्हणायचं? त्यांची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे त्याला वन्संनीच डबा दिला, वन्संनीच शाळेत सोडलं. संध्याकाळी घरी गेल्यावर तो दार उघडणार आणि माझ्या मागे बघणार, ती कुठेय म्हणून. मी ओळ बदलायला विसरले, असं त्याला सांगायचं? ती ओळ माझ्या टेबलावर अजून अर्धी लिहिलेली होती.

सातवी खिट्टी अडकली. मुकादमाने पान्यावर सगळं अंग टाकलं. ती सुटेपर्यंत मी दारावर दोन्ही मुठींनी बडवत होते आणि "वन्सं, वन्सं" ओरडत होते. एवढं जाड दार. आत काही ऐकू जात नाही, हे मीच नव्या लोकांना सांगते.

बारावी निघाली. दार ओढलं तसा पायांवर गार झोत आला. मी आत धावले, तर मुकादमाने मागून माझा दंड धरून मला अक्षरशः मागे फेकलं.

"तुम्ही पण पडाल!" तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. भिंतीवरची हवेची टाकी त्याने पाठीवर चढवली, तोंडाला मुखवटा लावला आणि आत शिरला. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. मी उंबरठ्याबाहेर उभी राहिले. समोर क्रेटच्या भिंती छतापर्यंत गेलेल्या, मध्ये हातभर बोळ. मुकादमाच्या बॅटरीचा उजेड त्या बोळातून आत गेला, वळला आणि दिसेनासा झाला.

किती वेळ गेला ते मी नाही सांगू शकत. नंतर नोंदीत बघितलं तर चाळीस सेकंद.

तो उलटा चालत आला. दोन्ही हात वन्संच्या काखेत, त्यांच्या टाचा जमिनीवरून घासत. जाकीट वर सरकलेलं. तोंड राखेच्या रंगाचं, ओठ निळसर, मान एका बाजूला. त्यांच्या मुठीत एक सफरचंद होतं.

मी पाय धरले. आम्ही त्यांना उन्हात, ट्रकच्या चाकाशेजारी ठेवलं. निवडीच्या बायका धावत आल्या, कोणीतरी डॉक्टरांना आणायला गेलं. मुकादमाने स्वतःचा मुखवटा काढून त्यांच्या तोंडावर धरला. मी त्यांचे हात चोळत होते. ते हात इतके गार होते की मला वाटलं, झालं. आपण पोहोचलो, पण उशिरा पोहोचलो. मी मोठ्याने रडायला लागले. मला कोणी थांबवलं नाही.

मग वन्संची छाती एकदम वर आली. एक श्वास, मोठा, खरखरीत. मग दुसरा. ओठांवरचा निळा रंग हळूहळू गेला. त्यांनी डोळे उघडले, उन्हामुळे लगेच मिटले आणि मुखवटा हाताने बाजूला केला.

"डोकं ठणकतंय," त्या म्हणाल्या. "आणि तू का रडतेस?"

बायका हसल्या, रडल्या. मुकादम जमिनीवरच बसला, दोन्ही हात डोक्याला लावून. मी वन्संना इतकं घट्ट धरलं की त्यांनी मला ढकललं.

"अगं, जीव घेतेस का आता?"

"बेल का नाही वाजवलीत?" मी विचारलं. रागच आला होता मला, सुटकेनंतर येतो तसा. "बटण समोर होतं! दार लागताना ओरडायचं तरी!"

"ओरडू कशाला?" त्यांचा आवाज अजून जड होता, शब्द सावकाश येत होते. "मी मागच्या बाजूला वरचे चार नमुने काढत होते. दार लागलेलं कळलं मला. म्हटलं लागू दे. तूच नाही का परवा जेवताना सांगितलंस, आत एक जरी माणूस असलं तरी आता वायू सुटतच नाही म्हणून? म्हटलं, हा बावळट मुकादम बटण दाबेल, याला लाल अक्षरांत माझं नाव दिसेल, मग येईल शोधत. जरा फजिती होऊ दे त्याची. आवाज आला सूं करून, मला वाटलं पंखा आहे. मग पाय दुखले म्हणून क्रेट उलटा घातला आणि बसले."

वन्संनी मुकादमाकडे मान वळवली. "का रे, एवढा वेळ का लावलास? दिसलं नाही का तुला माझं नाव?"

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. त्याला सांगता आलं असतं. त्याच्यावर आळ येत होता आणि चूक त्याची नव्हती. तो खाली बघून पाना पुसत राहिला.

"त्याला नाव दिसलं नाही, वन्सं," मी म्हणाले. "दिसणारच नव्हतं. माझ्या हातून चूक झालीये. सोमवारपासून ते यंत्र सगळ्याच खोल्यांना रिकामी म्हणतंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना नीट कळलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत. तुम्ही आत होतात आणि ते रिकामी म्हणालं. मग वायू सुटला. तो पंखा नव्हता.

"मग मी आत आहे हे कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही."

वन्संनी मुठीतलं सफरचंद जमिनीवर ठेवलं. मागे वळून त्या उघड्या दाराकडे बघितलं, आतल्या काळोख्या बोळाकडे, जिथे तो उलटा क्रेट होता. मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग दात वाजायला लागले, भर उन्हात. मी जाकीट त्यांच्या अंगावर ओढलं, पण कापरं थांबेना.

"आणि मी नुसती बसले होते गं," त्या म्हणाल्या. "तू आहेस म्हणून मी नुसती बसले होते."